घट्ट पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
पिंपळवंडी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक मिक्सर आणि पाणी घट्ट करायच्या पावडरचे बारा डबे, एवढा माझा संसार. डबे उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं, मॅडम जिम काढताय का. त्याला सांगितलं की ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या पाण्यात ही पावडर घालतात. तो म्हणाला, पाणी गिळायला काय अवघड असतंय? कॉलेजात जाईपर्यंत मलाही असंच वाटायचं.

नारायणगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू झाले आहे. लकवा झालेली, हातपाय थरथरणारी, घशाचं ऑपरेशन झालेली माणसं पुन्हा नीट खायला-प्यायला लागावीत, हे माझं काम. जुन्नर आणि आंबेगाव असे दोन तालुके माझ्या एकटीच्या गळ्यात पडले आहेत. सांगलीहून निघताना आई म्हणाली, तिकडे बिबटे आहेत म्हणे. मी म्हटलं, असू देत, त्यांना गिळायची अडचण नसते, ते माझ्याकडे येणार नाहीत.

खोली झकास आहे. खंडूभाऊंच्या नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर. खाली ते, त्यांची बायको द्रौपदावहिनी आणि वडील भिमाजी, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं. आबांना दिवाळीत लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर गिळणंही. तेव्हापासून नाकातल्या नळीवर आहेत. म्हणजे इतक्या कमी भाड्यात खोली का मिळाली ते समजलं! माझी काही हरकत नाही. खिडकीतून कांद्याचे वाफे दिसतात, पलीकडे द्राक्षांचा मांडव, आणि अंगणाच्या कडेला विहीर. वहिनींनी आल्या आल्या अंगणातच तिचं पाणी तांब्याभर आणून दिलं. दात ठणकले, इतकं गार. मी सगळं संपवलं. खालच्या खोलीतून आबा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे तांब्याकडे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तपासणी झाली, आबांची नळी निघाली. आजपासून तोंडाने खायचं, पण माझ्या नियमांनी.

वहिनींना समजावून सांगितलं. पातळ पाणी धावतं. आबांचा घसा मिटायला उशीर करतो, तेवढ्यात ते श्वासनळीत शिरतं आणि छातीत जातं. म्हणून पाणी, चहा, ताक, सगळं घट्ट करायचं, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं. मग नियम मोठ्या अक्षरात लिहून आबांच्या भिंतीवर लावले: मान खाली. छोटा घोट. दोनदा गिळा. ‘आ’ म्हणा. शेवटचा नियम महत्त्वाचा. गिळून झाल्यावर ‘आ’ कोरडा आला तर घास खाली गेला. गुळण्या करताना येतो तसा ओला आवाज आला, तर काहीतरी घशातच राहिलंय, तिथेच थांबायचं.

गिळणं तपासताना मी चार बोटं गळ्यावर ठेवते, पहिलं हनुवटीखाली आणि शेवटचं कंठमण्यावर. धडधाकट माणसाचा कंठमणी चटकन वर जाऊन खाली येतो. आबांचं तसं नाही. सहा सेकंद काहीच नाही. मग एक बारीक हिसका. मग थांबा. मग मोठा हिसका, आणि कंठमणी वर जाऊन थरथरत राहतो, खाली यायचं विसरतो. प्रत्येकाचं गिळणं त्याच्या सहीसारखं वेगळं असतं. आबांची सही मी डोळे मिटून ओळखेन.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज मासवडीचा पराक्रम! वहिनींनी घरच्यांसाठी केली होती. आबा निदान वास तरी घेतील, असं खंडूभाऊ म्हणाले. मी म्हटलं, वास कशाला, खातील. दोन वड्या रश्श्यासकट मिक्सरमध्ये फिरवल्या, गाळणीतून काढल्या, वाटीत पुन्हा वडीसारख्या थापल्या. आबांनी चमचा तोंडात घेतला. सहा सेकंद घरात कोणी श्वास घेतला नाही. हिसका, थांबा, हिसका. मग ‘आऽ’, कोरडा, खणखणीत. मग आबा म्हणाले, ‘तिखाट कमी हाय.’ हसून हसून आमची मुरकुंडी वळली. खंडूभाऊ बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

वहिनी मला आता देव्हाऱ्यात बसवायच्या बाकी आहेत. मी सांगेन ते त्यांना काळ्या दगडावरची रेघ. अशी माणसं घरोघर असती तर माझं काम निम्मं झालं असतं.

मंगळवार, ११ मार्च

ऊन मी म्हणतंय. आबांनी एकच ध्यास घेतलाय, साधं पाणी. घट्ट पाणी त्यांना खळीसारखं लागतं, तोंडात नुसतं फिरतं, तहान जात नाही म्हणतात. खोटं नाही ते. मी स्वतः पिऊन पाहिलं आहे. पण सवय होईल असं सांगावं लागतं.

आज वहिनींनी त्यांना पकडलं. चांगला डावा हात बादलीत बुडवून बोटं चोखत होते. असा ठसका लागला की ओठ निळे पडले. मी धावत खाली आले, त्यांना पुढे वाकवलं, आणि श्वास बसल्यावर जे बोलले ते ऐंशीच्या माणसाशी कोणी बोलू नये. खोलीतला माठ, बादली, तांब्या, सगळं बाहेर काढायला लावलं. वहिनींना बजावलं की काहीही होवो, आबा पाया पडले तरी पातळ पाणी द्यायचं नाही. दवाखान्याच्या वहीत लिहिलं: रुग्ण सहकार्य करत नाही.

संध्याकाळी माझी मलाच लाज वाटली. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि शब्द दिला. पाडव्याला पुन्हा तपासणी करू, आणि त्या दिवशी दुपारी साडेबाराला, त्यांच्या जेवणाच्या वेळी, विहिरीच्या गार पाण्याचं फुलपात्र मी माझ्या हाताने पाजेन. आबांनी डाव्या हाताने माझा हात उचलला आणि आपल्या गळ्यावर ठेवला, मी तपासायला ठेवते तसाच. म्हणाले, ‘हितं हात ठिवून सांग पोरी. पाडव्याला पाजशील?’

मी म्हटलं, पाजेन. तपासणीत काय निघेल ते मला माहीत नव्हतं. त्यांनी गप्प व्हावं म्हणून म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

आबा गेले.

तीन दिवस ताप होता, छाती भरली होती. पाणी घट्ट केलं तरी लाळ आत जातेच, ते कोणाच्या हातात नसतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर काल म्हणाले होते. मी सकाळी अवसरी बुद्रुकला धोंडाबाई नावाच्या आजींकडे गेले होते, त्यांच्या सुनेला पेज दाखवत होते. बाराच्या सुमारास वहिनींचा फोन आला. आबा पाणी मागतायत, साधं देऊ का. माझे हात पेजेत, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, नाही, घट्ट करूनच, मान खाली, दोनदा गिळायला सांगा. पुढचं नीट ऐकू आलं नाही.

पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वहिनी मला बाजूला घेऊन गेल्या. शेवटचं पाणी त्यांनीच घातलं होतं, तुळशीचं पान ठेवून, पण घट्ट करून, चमच्याने. ‘दोनदा गिळा म्हनलं मी त्यास्नी. येकदाच झालं.’ मग माझा हात धरून विचारलं, ‘बराबर केलं न्हवं मी, मॅडम? शेवटाला साधं चाललं असतं का?’

मी म्हणाले, नाही. बरोबर केलंत.

आबांचा उजवा गाल फुगलेला होता. लकव्याच्या बाजूला घास साठतो, तो बोटाने काढून घ्यायचा असतो, हे मीच या घराला शिकवलं. इतक्या माणसांत माझं बोट पुढे झालं नाही. तो घोट तसाच त्यांच्याबरोबर गेला.

शुक्रवार, २१ मार्च

आबांच्या खोलीत दिवा ठेवला आहे आणि शेजारी पाण्याचं फुलपात्र. गेलेल्या माणसाला दहा दिवस पाणी ठेवतात, रोज बदलतात. आमच्याकडेही ठेवतात. आज दारावरून जाताना बघितलं, तर दिवा वाऱ्याने हलत होता आणि पाणी हलत नव्हतं.

वहिनींनी त्यात पावडर घातली आहे. पातळ त्यांना चालत नाही ना, असं सहज म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मेलेल्याला साधं पाणी चालतं म्हटलं असतं, तर मरणाऱ्याला का नाही, हा पुढचा प्रश्न आला असता.

आणखी एक. फुलपात्रातल्या घट्ट पाण्यात मधोमध खळगा होता, चमच्याने काढल्यासारखा. वहिनींना विचारलं. त्यांनी हात लावला नव्हता. मांजर असेल म्हणाल्या. मांजर चमच्याने खात नाही.

रविवार, २३ मार्च

दुपारी जेवताना ठसका लागला. भाताचं एक शीत, तेवढंच. प्रत्येकाला लागतो कधीतरी.

साडेबारा वाजले होते. खंडूभाऊ आणि वहिनी कांदा काढायला शेतावर होते, खालच्या घराला बाहेरून कडी. मी पाण्याचा घोट घेतला, आणि खालून आवाज आला. ‘आऽ.’

ओला. घसा भरलेला असताना येतो तसा.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. दहा मिनिटं ऐकत बसले. काही नाही. पुन्हा एक घोट घेतला. पुन्हा आवाज. मी गिळलं की लगेच. कोणीतरी नियम पाळत होतं.

खाली जाऊन, कडी काढून बघितलं. दिवा, फुलपात्र, भिंतीवर माझा कागद. खळगा आज दोन चमच्यांचा.

मंगळवार, २५ मार्च

पाणी जात नाहीये. घोट घेतला की उभा ठसका. भाकरी नको, भातही नको. काल रात्री पेज गाळून घेतली आणि स्वतःच्या हाताने त्यात पावडर घातली. ती गेली. हसावं की रडावं कळेना.

आज दवाखान्यात प्रज्ञा डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. सगळं स्वच्छ आहे, तुला झोप नाही, आबांचं मनाला लावून घेतलंयस, सुट्टी घे म्हणाल्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, एक ‘आ’ म्हण बरं. मी म्हटला. त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि उगाच कागद चाळायला लागल्या. मीही ऐकला होता तो आवाज. माझ्या तोंडातून आला, पण ओला होता आणि फार म्हातारा होता.

शुक्रवार, २८ मार्च

दहावा झाला. दिवा उचलला, फुलपात्रही. खालची खोली धुऊन काढली. मला वाटलं, सुटले.

साडेबाराला मी खोलीत एकटी होते. पेज समोर होती, चमचा अजून हातात घेतला नव्हता. तोंड रिकामं. आणि माझा गळा हलला.

मी गिळलं नव्हतं. मी काहीच केलं नव्हतं.

चार बोटं गळ्यावर ठेवली. इतक्या लोकांच्या गळ्यावर ठेवली, आज आपल्या. सहा सेकंद काही नाही. मग बारीक हिसका. थांबा. मोठा हिसका. आणि कंठमणी वर जाऊन थरथरत राहिला. खाली येईना. श्वास येईना. मी टेबलाची कड धरून उभी राहिले, तेव्हा कुठे उतरला.

सही ओळखली. डोळे मिटायचीही गरज पडली नाही.

उजव्या गालात काहीतरी आहे. बोट घालून बघितलं. थंड, गिळगिळीत. थुंकलं, बेसिनमध्ये पडलं. घट्ट पाणी. तुळशीचं पान होतं त्यात.

शनिवार, २९ मार्च

सकाळी पळाले. नारायणगावच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघताना राहवेना, बाटलीतलं पाणी प्याले. एकच घोट. लोकांनी पाठीत बुक्के मारून वाचवलं. एक बाई म्हणाली, सावकाश पी ना गं, तुझं कोण पळवून नेतंय.

परत आले. सांगलीला काय जाऊ? गळा बरोबरच येणार.

चार दिवस तहान. घट्ट पाण्याने जात नाही. आबा सांगायचे, जात नाही. मी म्हणायचे, सवय होईल.

खरं लिहिते. त्या दिवशी फोनवर सगळं ऐकू आलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, ‘आबांचं काय खरं न्हाई आता.’ नीट ऐकलं मी. शेवटच्या घटकेला पथ्य नसतं, हे मला शिकवलेलं आहे. ओठांवर साधं पाणी द्यायचं असतं, मागेल तेवढं. पण हात पेजेत होते, समोर नवीन माणसं होती, आणि माझा नियम मोडायचा मला राग होता. मग वहिनींनी विचारलं तेव्हाही खोटं बोलले. लाज वाटली म्हणून.

उद्या पाडवा.

रविवार, ३० मार्च

गावात घरोघर गुढ्या आहेत. या घरावर नाही.

अकराला खाली गेले, वहिनींना सगळं सांगितलं. फोन, खोटं, पाडव्याचा शब्द, सगळं. आवाज असा येत होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं. रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या, विहिरीवर गेल्या, रहाट वाजला. फुलपात्र भरून वर आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ‘कबूल तुमी केलं व्हतं. तुमीच पाजा.’

मी म्हटलं, कोणाला?

त्या माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, ‘दीड म्हयना भरवलंय मी आबांना. तुमचा घास कसा अडतुय ते चार दिस बघतीय.’

दारात बसल्या आहेत. जात नाहीत.

बारा वाजून दहा. पाणी पातळ आहे. या गळ्याने प्याले तर कुठे जाईल ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. डबा कपाटात आहे. एक चमचा पावडर आणि मी वाचेन.

डबा काढला. झाकण उघडलं.

पुन्हा फसवू? तिसऱ्यांदा?

झाकण लावलं. भीती वाटते. आईला फोन करावा तर आवाज माझा नाही, ती घाबरेल—

साडेबारा.

फुलपात्र हातात. गार आहे, बोटं आखडली. गळा आधीच हलायला लागलाय, वाट बघत—

मान खाली.

छोटा घोट.

सहा सेकंद—

एक—

आत जातंय, छातीत, जळ—

दोन—

पेन डाव्या हातात आहे. मी डाव्या हाताने कधी—

आ म्हणायचं. कोण म्ह—

गार हाय.

लई गार. आपल्या हिरीचं.

थांबू नगंस पोरी, आजून येक घो—